चौथं कडवं

त्या दिवसांत माझं देवाशी बोलणं बंद होतं. म्हणजे मी प्रार्थनेला बसायची, डोळे मिटायची, शेवटी आमेनही म्हणायची. पण घरात पाहुणे असले की भांडलेले नवरा-बायको कामापुरतं बोलतात ना, तसं आमचं चाललं होतं. आतून अबोला. कारण एकच. माझी माय अंगभर सुजून अंथरुणाला खिळली होती. जिनं उभा जन्म त्याची स्तुती गाण्यात घालवला, तिच्याच वाट्याला हे काहून, याचं उत्तर मला कुणी देत नव्हतं. मी लग्न होऊन वसमतला दिलेली. मायचं दुखणं वाढल्याचा निरोप आला तशी कडेवरचं लेकरू घेऊन माहेरी आले आणि तिच्या उशाशी बसले. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, आता घरीच न्या आणि जपा. जपा म्हणजे काय, ते कळायला फार शिक्षण लागत नाही.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडं, कयाधूच्या काठाला. तेव्हा सगळं निजामाचं राज्य. गावाच्या कडेला आमची मांगांची वस्ती, आणि त्यातली काही घरं माझ्या बाच्या तरुणपणी ख्रिस्ती झालेली. धर्म बदलला म्हणून पोटापाण्याचं काम काही बदललं नाही. बा अंबाडीचा वाख वळून दोर करायचा, बैलांचे कासरे करायचा, आणि हलगी वाजवायचा. हलगी अशी की ऐकणाऱ्याचा पाय जागेवर राहू नये. पूर्वी ती जत्रेत, वरातीत वाजायची; मग आमच्या प्रार्थनेत वाजू लागली. आम्हाला ना देऊळ ना घंटा. कडुनिंबाखाली सारवलेली जागा, एकीकडे बापे, एकीकडे बाया, मधे बा. हलगीचं कातडं तापलं तरच ती बोलते, म्हणून उपासनेच्या आधी तो पालापाचोळा पेटवून ती शेकत बसायचा. आजही कुठं पाला जळाल्याचा वास आला की मला आधी रविवार आठवतो.

वस्तीत वाचता येणारं कुणी नव्हतं. मी मिशनच्या बोर्डिंगात जाऊन थोडं शिकले ते पुढं. तोवर पवित्र शास्त्र म्हणजे उपदेशक मास्तर येतील तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकायचं. मास्तर तट्टावर बसून गावोगाव फिरायचे, आमच्याकडं त्यांची फेरी कधीमधीच व्हायची. ते येऊन गेले की मागं काय उरायचं? गाणं उरायचं. उपदेश दुसऱ्या दिवशी निम्मा विसरायचा, गाणं नाही विसरायचं. प्रभू कोण, तो कशासाठी मेला, आम्ही त्याचे कोण, हे सगळं आमच्या बायकांना गाण्यातून ठाऊक. कुणाचं लेकरू तापलं तर त्याचं एक गाणं, कुणाच्या घरी भांडण झालं तर त्याचं वेगळं. माझी माय म्हणायची, "शिकलेल्याचं शास्त्र पुस्तकात ऱ्हातंय, आमचं तोंडात ऱ्हातंय. पुस्तकाला वाळवी लागती, तोंडाला लागत न्हाई." तिचं तोंड होतंच तसं. एकदा ऐकलेली चाल तिच्याकडून सुटायची नाही.

मास्तरांची शिकवायची तऱ्हा ठरलेली. एकतारी मांडीवर घ्यायचे, एक ओळ म्हणायचे, मागून माय म्हणायची, आणि मायच्या मागून आम्ही सगळे. एक कडवं सगळ्यांच्या तोंडात बसल्याशिवाय दुसरं द्यायचे नाहीत. "पहिला घास गिळला का? मंग दुसरा," असं म्हणायचे. एका फेरीत त्यांनी स्वतः केलेलं एक नवं गाणं आणलं. वाटसरूचं गाणं. आमच्या वस्तीनं त्या गाण्याचं जे काय वेड घेतलं, ते सांगून पटायचं नाही. प्रत्येक फेरीला एक एक करत त्यांनी त्याची कडवी दिली:

चाल जीवा, चाल रे, घर प्रभूचं दूर न्हाई.

निघालो मी घर सोडुनी, गाठोडं ते डोई,
वाटेवरी ओळखीचं माणूस कुणी न्हाई.

ऊन आलं माथ्यावरती, पायी रुतला काटा,
सावली ना पाणी कुठं, भुलल्या साऱ्या वाटा.

सांज झाली, पूर आला, थडी लागली बुडू,
नाव न्हाई, नावाडी न्हाई, कुणापाशी रडू?

एवढं शिकवलं आणि मास्तरांची बदली वऱ्हाडाकडं झाली. ते गेले. गाणं राहिलं. शेवटी पुन्हा "चाल जीवा, चाल रे" आलं की ते पुरं झाल्यासारखं वाटायचं, म्हणून आणखी काही असेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. बाया कापूस खुरपायला जायच्या तेव्हा हेच गाणं. शेतात प्रत्येकीला आपापली पात धरून खुरपत जायचं असतं. पात संपेपर्यंत एक कडवं घोळवायचं, वळलं की दुसरं. शेजारच्या पातीवर कुणब्यांच्या बाया असत, तांड्यावरच्या असत. त्याही म्हणायच्या. कुणाच्या देवाचं का असेना, पाठ दुखायची थांबली म्हणजे झालं! असं ते गाणं आमच्या वस्तीतून निघून शेतोशेत फिरलं. मायला त्याचा केवढा अभिमान. रस्त्यानं जाताना लांबून कुणाच्या तोंडी ऐकलं की पदराआड हसायची. "बघ, आपलंच हाय," म्हणायची.

तर अशी ही बाई आता पडून होती. पाय जड, पोट जड, बोटं केळ्यासारखी. कुशीवर वळवायचं तर बा आणि मी दोघं लागायचो, आणि तिला त्याचीच जास्त लाज. पाणी मागताना सुद्धा आधी "माझा लई भार झाला गं तुमाला" म्हणायची. मी चिडून म्हणायची, "माय, मी ल्हान हुते तवा तू मला कडंवर घेऊन शेतात जायची, तवा मोजलं व्हतं का वजन?"

बा रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिच्याजवळ बसून हे गाणं म्हणायचा. हलगीवर नुसती बोटं टेकवायची, आवाज बारीक. एके दिवशी तिसरं कडवं म्हणून तो ध्रुपदावर येतोय तोच माय म्हणाली, "बंद करा ते."

बाला वाटलं, डोकं दुखत असेल. "काहून? तकलीफ होऊन राहिली का?"

"गाण्यात पूर आला," माय म्हणाली. "नाव न्हाई, नावाडी न्हाई. मंग पुढं काय? मी पल्याड कशी जाऊ?"

"अगं, पुढं म्हणतंय की, घर प्रभूचं दूर न्हाई."

"दूर नसंल. पण मधी नदी हाय." तिनं आपल्या सुजल्या हातांकडं पाहिलं. "आन माझं हे असलं अंग. तुमाला दोघाला मला वळवता येईना, पाण्यातून कोण नेतंय मला? नगा म्हणू ते गाणं. मला भ्या वाटतंय."

बानं हलगी उचलली आणि खुंटीला लावून टाकली. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नाही पाहिलं; तो बाहेर जाऊन अर्धवट राहिलेला कासरा वळत बसला. पण आमचं घर गप्प झालं. त्या घरात मी उपास पाहिलेत, मरण पाहिलं, पण असली शांतता पाहिली नव्हती. वस्तीतल्या बाया मायला भेटायला यायच्या आणि दाराशीच आवाज उतरवायच्या. ज्या बाईनं आम्हा सगळ्यांना गायला लावलं, तिनंच गाणं नको म्हटलं, तर आता आपण कशाच्या आधारानं म्हणायचं, असं प्रत्येकीच्या तोंडावर दिसायचं.

मी चार अक्षरं शिकलेली, म्हणून शास्त्र काढून बसले. प्रभूनं वादळ शांत केलं ते वाचलं, पाण्यावरून चालत आला ते वाचलं. मायनं सगळं नीट ऐकून घेतलं. पाहुणीचं मन मोडू नये तसं ऐकलं. मग म्हणाली, "खरं हाय बाई. शास्त्र खरंच हाय. पर डोळे मिटले की मला गाण्यातलीच नदी दिसती." इतकी वर्षं ते गाणं तिच्या अंगात मुरलेलं. तिच्यासाठी ते नुसतं गाणं थोडंच होतं, तिच्यासाठी ती वाट होती, आणि त्या वाटेवर ती शेवटपर्यंत चालत येऊन पाण्याशी अडकली होती. तिला मरणाचं भय नव्हतं हो. आपण प्रभूच्या घराजवळ जाऊन अलीकडच्याच थडीला राहू, आपल्याला कुणी उचलणार नाही, याचं भय होतं. आणि माझं सगळं दुःख एवढंच होतं की तिनं अशी भीत भीत जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन कयाधूवर गेले. पाऊसकाळ सरला होता, पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं, ढोरं आरामात पल्याड जात होती. ते पाहून माझा असा काही संताप झाला की हातातलं लुगडं दगडावर आपटत मी देवाशी बोलले, कितीतरी दिवसांनी. चांगलं काही बोलले नाही. म्हटलं, तुला स्तुती लागते ना? मग जी करत होती तिचं तोंड तूच बंद केलंस. मला काही सुचत नाही. शास्त्र वाचून झालं, समजावून झालं, माझं काही चालत नाही. आता तुझं तू बघ. एवढं बोलले आणि धुणं पिळून घरी आले. लोक याला समर्पण म्हणतात की नाही मला ठाऊक नाही. माझ्या मनात तेव्हा तरी ते हात झटकणंच होतं.

त्यानंतर एकदोन दिवसांतच सकाळच्या पारी वस्तीत मण्यारणीची हाक आली. बांगड्या भरणारा गावातला कासार आमच्या वस्तीत पाय ठेवायचा नाही. आमच्याकडं यायची ती मुसलमान मण्यारीण. आधी एक म्हातारी यायची. ही तिची सून, चांदबी नावाची, पहिल्यांदाच या बाजूला आलेली. मायच्या कानावर हाक गेली तशी तिनं आपले हात पांघरुणाबाहेर काढले. सूज वाढून जुन्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, तेव्हा बानं त्या वाढवल्या होत्या. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण शब्द कितीही गोड केला तरी हात उघडे ते उघडेच. नवरा जित्ता असताना उघड्या हातानं जायचं, हे दुसरं दुःख तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. "बोलव तिला," ती म्हणाली.

"माय, शिरायच्या न्हाईत गं हातात."

"तू बोलव तर."

चांदबी आत आली. मायकडं पाहिलं, क्षणभर थबकली, पण "अरेरे" वगैरे काही म्हणाली नाही. टोपली उतरवून सरळ अंथरुणाशी मांडी घालून बसली, मायचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तेल मागितलं. हात असा चोळत होती जणू आपल्या आईचा. मोठ्या घेराची हिरवी बांगडी निवडली आणि बोटांवरून सरकवू लागली. अंगठ्याच्या गाठीपाशी येऊन ती अडली. मायनं दात आवळले.

"अम्मा, हात कडक नका करू. ढिला सोडा. बोला काई तरी, न्हाई तर गाणं म्हणा. गाणं म्हणलं की हात नरम पडतोय, मी सगळ्या बायांना म्हणायला लावते."

"मला आता गाणं येत न्हाई," माय म्हणाली.

"हौ? मंग मीच म्हणते."

आणि तिनं सुरू केलं, "चाल जीवा, चाल रे."

शेतोशेत फिरलेलं ते गाणं हिच्या तोंडी असणं काही नवल नव्हतं, पण नेमकं हेच काढावं? मायचा चेहरा ओढला गेला. मी चांदबीला खुणावणार होते, पण बांगडी अर्धी गाठीवर चढलेली. हिचं लक्ष उडालं, हात हलला, तर काच मायच्या सुजल्या कातडीत जाणार. तिची मान खाली, बोटं बांगडीवर, आणि तोंडानं एक कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं आलं. पूर आला. थडी बुडाली. माय डोळे घट्ट मिटून पडली होती. आता ही ध्रुपद म्हणेल आणि संपेल, असं मी म्हणतेय तोवर चांदबी न थांबता त्याच चालीवर पुढं गेली:

छातीइतक्या पाण्यामधी उभा धनी माझा,
म्हणे, बस खांद्यावरी, भार न्हाई तुझा.

बांगडी सर्रकन मनगटावर गेली.

मायनं डोळे उघडले. "काय म्हणलीस?"

"काय, अम्मा? दुखलं का?"

"न्हाई गं लेकी. आता म्हणलीस ते. परत म्हण."

चांदबीला नवल वाटलं. तुमच्याच लोकांचं गाणं, तुम्हालाच कसं ठाऊक नाही, असं काहीतरी पुटपुटली आणि तिनं परत म्हटलं. मग माझ्या मायनं काय करावं? मास्तरांच्या मागं म्हणायची तशी, एक ओळ तिची, एक ओळ हिची, असं तिच्या मागून म्हणू लागली. आवाज फुटत नव्हता, नुसता वारा. "भार न्हाई तुझा" वर आली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला मी पुढं झाले तर तिनं मला हातानं बाजूला केलं. "वाहू दे," म्हणाली. "तो पाण्यातच उभा हाय गं. आन मी येडी नाव शोधून राहिले हुते."

दोन्ही हात भरून झाले. वर आशीर्वादाची एक जास्तीची बांगडी भरायची रीत असते, तीही चांदबीनं भरली. मायनं हिरवे हात कसेबसे जुळवून तिला सलाम केला. "अल्ला आसान करंल अम्मा," असं म्हणून तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि पुढच्या घराला हाक दिली.

बा घरी आला तेव्हा माय म्हणाली, "हलगी काढा खाली. मला नवं कडवं आलंय." त्यानं ऐकलं. मग एकदम उसळला, "म्हंजी मास्तरानं ह्ये कडवं ठिवून घेतलं! आमाला अर्धंच शिकवून गेला कडू! एवढी वरसं आमाला पाण्याच्या काठाला बसवून ठिवलं!" त्याचा तो अवतार पाहून माय हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तिच्या हसण्यानं आधी मी हसले, मग बा, आणि आवाज ऐकून शेजारच्या बाया आत आल्या तर आम्ही तिघं डोळे पुसत हसतोय. त्या संध्याकाळी आमच्या घरात मावेना एवढी माणसं होती. सगळ्यांना मायनं चौथं कडवं शिकवलं. एक ओळ ती, मागून सगळे.

पुढं काही दिवसांनी ती गेली. दुखणं बरं झालं नाही, सूज उतरली नाही. तसं मी काही सांगत नाही. पण भय उतरलं होतं. वळवताना आता ती "भार झाला" म्हणायची नाही, मुकाट्यानं अंग आमच्या हाती सोडायची. गेली त्या दुपारी बा तिच्यापाशी गात होता. दुसऱ्या कडव्याला तिचा श्वास थांबला. मला कळलं, त्यालाही कळलं. मी ओरडणार तेवढ्यात त्यानं हातानंच मला थांब म्हटलं आणि तिसरं कडवं म्हटलं, चौथं म्हटलं, तिला पार पल्याड पोचवलं, मग हलगी खाली ठेवली आणि तोंडावर पटका ओढून घेतला.

चांदबी नंतर आली तेव्हा मी विचारलं, ते कडवं तू कुठं शिकलीस? तिनं खूप आठवून पाहिलं. "शिरड शहापूरकडच्या बायांकडून का? न्हाई तर वसमतच्या? धा गावच्या बाया माझ्या म्होरं बसून गातात. कुणी म्हणलं असंल, न्हाई तर माझ्याच तोंडातून निघालं असंल. मला काय म्हाईत, बाई? हात नरम पडला का न्हाई?" आणि हसत निघून गेली. आम्ही काही जास्त खोदलं नाही. आमच्या डोक्यात पक्कं होतं की कडवं मास्तरांचंच, दुसऱ्या गावाला त्यांनी पुरं गाणं दिलं आणि आमच्यापाशी कंजूषपणा केला. बानं हा राग चांगला जपून ठेवला होता.

मग रझाकारांची धामधूम आली. गावंच्या गावं उठली, कुणी वऱ्हाडात गेलं, कुणी रानात राहिलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, लोक परत आले; पण त्या उलटापालटीत चांदबीच्या लोकांवर वाईट वेळ आली. तिचं कुटुंब घर सोडून हैदराबादकडं गेलं एवढंच कळलं. मी ओळखीच्या प्रत्येक मण्यारणीला तिची खबर विचारायची. कुणाला ठाऊक नव्हतं. अजूनही प्रार्थनेत तिचं नाव घेते.

पोलीस ॲक्शनच्या वर्षीच्या नाताळाला आम्ही सगळे वसमतला जमलो. जिवंत आहोत याचाच सण होता तो. बा आला होता, आणि वऱ्हाडातून मास्तर आले होते. वय झालेलं, तट्टू जाऊन हातात काठी आलेली, एकतारी मात्र तीच. उपासना झाली, जेवणं झाली, ऊन खात सगळे अंगणात बसले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मास्तर, ते वाटसरूचं म्हणा. मास्तरांनी म्हटलं. तिसरं कडवं झालं, ध्रुपद झालं, एकतारी थांबली. बानं एवढी वर्षं या घटकेची वाट पाहिली होती. तो उभाच राहिला.

"मास्तर, आता तरी सांगा. तुमी आमाला चौथं कडवं काहून न्हाई शिकवलं?"

"कसलं चौथं?" मास्तर म्हणाले.

"घ्या! इचारून राहिले, कसलं चौथं! माझी बायको त्या कडव्यावाचून भीत पडली हुती. लेकी, म्हण गं तुझ्या मायचं."

मला लाज वाटली, पण बानं सांगितलं म्हणून बसल्या जागेवरून म्हटलं. छातीइतक्या पाण्यामधी उभा धनी माझा. संपलं. मास्तरांचा हात एकतारीवरून खाली आला होता. मग ते अगदी हळू म्हणाले, "हे मी केलं नाही. मी तीनच केली. हे गाणं केलं त्या पावसाळ्यात माझी घरधनीण गेली, पोटातल्या लेकरासकट. गाणं तिच्या आजारपणात सुरू केलेलं. पुरापर्यंत आलो आणि ती गेली. पुढची ओळ मला सुचलीच नाही. मी आपला गावोगाव दुसऱ्यांना म्हणत फिरलो, घर दूर नाही म्हणून, आणि आतून त्या काठावरच बसून राहिलो."

बा मटकन खाली बसला. एवढ्या वर्षांचा त्याचा राग असा एका क्षणात गेला. तो बसल्या बसल्याच पुढं सरकला आणि त्यानं मास्तरांचे गुडघे धरले. मास्तर माझ्याकडं पाहून म्हणाले, "बाई, कुणी केलं हे?" मी जे होतं ते सांगितलं. बांगड्या भरणारी आली होती, तिच्या तोंडून आलं, तिलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली. कोण, कसं, कुठून, काही विचारलं नाही. एकतारी पुन्हा मांडीवर घेतली, सूर लावला आणि मला म्हणाले, "म्हणा, एक ओळ तुम्ही. मागून मी म्हणतो." मी म्हटलं. ते माझ्या मागून म्हणाले. शेवटच्या ओळीला त्यांना थांबावं लागलं, दोनदा थांबावं लागलं, मग जमलं.

ते कडवं कुणी केलं, याचा शोध मी सोडून दिलाय. कुठल्या शेतात, कुठल्या बाईनं, कोणतं दुःख गिळताना ती ओळ पुढं नेली, देवच जाणे, आणि त्याला ठाऊक आहे एवढं मला पुरे. माझा नि देवाचा अबोला मात्र त्या हिरव्या बांगड्यांच्या दिवशीच सुटला, तो पुन्हा धरायची वेळ आली नाही. भांडणं झाली, ती होणारच. आता मीही थकले. गुडघे गेले, अंग जड झालं, खाटेवरून उठवायला सुना येतात. तोंडाळ आहेत, पण मायाळू आहेत. आधी आधी मी "राहू द्या गं, मी उठते" म्हणून त्यांना झिडकारायची. आता म्हणत नाही. हात त्यांच्या गळ्यात टाकते, त्यांना उचलू देते, आणि मनातल्या मनात त्याचे आभार मानते.